शंका खणात ठेवण्यासाठी नसते

"संपादक म्हणजे पोलीस नव्हे." वैद्यकीय संशोधन छापणाऱ्या नियतकालिकांच्या संपादकांकडे जबाबदारीचा विषय काढला की पहिले वाक्य हेच येते. मग बाकीची येतात. आमच्याकडे झडतीचे अधिकार नाहीत. रुग्णालयातले मूळ केसपेपर आम्ही जप्त करू शकत नाही. चौकशी हे लेखकाच्या संस्थेचे काम. आणि चौकशी पुरी होण्याआधी आम्ही तोंड उघडले तर एखाद्या निरपराध माणसाची आयुष्यभराची अब्रू धुळीला मिळेल. परिषदांमध्ये आणि संपादकीय कार्यशाळांमध्ये हा बचाव इतक्या वेळा मांडला गेला आहे की आता तो बचाव वाटतच नाही, व्यवसायाचा नियम वाटतो. तो नियम नाही. त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे, म्हणून तो एकदा नीट तपासून बाजूला ठेवायला हवा.

यातले एकेक वाक्य सुटे घेतले तर खोटे नाही. संपादकाला झडतीचे अधिकार खरोखरच नाहीत. गफलत आहे ती तीन वेगवेगळ्या कामांची एकच मोळी बांधण्यात. निबंधात काही काळेबेरे आहे का, याची चौकशी करणे हे एक काम. दोषीला शिक्षा करणे हे दुसरे. आणि "या निबंधातल्या आकड्यांविषयी आम्हाला गंभीर शंका आहे, ती अजून फिटलेली नाही," एवढे वाचकाला सांगणे हे तिसरे. पहिली दोन कामे आपली नाहीत असे म्हणता म्हणता संपादक तिसऱ्यातूनही अंग काढून घेतात. आणि हे तिसरे काम तर त्यांच्यावाचून दुसरे कोणी करूच शकत नाही. निबंध त्यांनी छापला, वाचक त्यांचे, पानही त्यांचे. घरात गॅसचा वास आला तर गळती नेमकी कुठे आहे हे सापडेपर्यंत कोणी गप्प बसत नाही; आधी शेजारीपाजारी सांगतो, शेगडी पेटवू नका.

या तिसऱ्या कामासाठी साधनही तयार आहे. इंग्रजीत त्याला 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' म्हणतात, मी जाहीर शंकानोंद म्हणेन. निबंध मागे घेण्याइतका पुरावा हाती नाही, पण तो निःशंक मनाने वाचावा अशीही स्थिती नाही, अशा वेळी संपादकाने निबंधाला जोडायची ही चिठ्ठी आहे. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी मिळून 'कोप' ही प्रकाशन-नीतीची समिती उभी केली. पुरावा निर्णायक नसेल, लेखकाची संस्था चौकशीच करत नसेल किंवा चौकशीचा निकाल लांबणार असेल, तर संपादकाने शंकानोंदीचा विचार करावा, असे तिच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे. म्हणजे संपादकांवर मी नवे ओझे टाकत नाही. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेल्या कर्तव्याबद्दल बोलतो आहे.

हे कर्तव्य टळले की काय होते, याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९९२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने मुरादाबादहून आलेला एक निबंध छापला. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेले ४०६ रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना फळे, भाज्या, सुकामेवा, मासे यांवर भर असलेला आहार दिला, आणि वर्षभरात त्यांच्यात हृदयाच्या तक्रारी आणि मृत्यू दोन्ही कमी झाले, असा दावा. औषध नको, शस्त्रक्रिया नको, ताट बदलले की जीव वाचतो! भारतातल्या डॉक्टरांना हे वाचून किती बरे वाटले असेल. पण थोड्याच काळात शंका येऊ लागल्या. त्याच संशोधकाकडून पुढचे निबंध येत राहिले तेव्हा परीक्षकांनी भुवया उंचावल्या. तेव्हाचे संपादक रिचर्ड स्मिथ यांनी मूळ नोंदी मागितल्या. काही कागद आले, ते एका संख्याशास्त्रज्ञाने तपासले. खऱ्या माणसांची मोजमापे घेतल्यावर आकडे जसे विखुरतात तसे हे विखुरलेले नव्हते. १९९२ च्या निबंधाच्या मूळ नोंदी मागितल्या तर उत्तर आले की त्या वाळवीने खाल्ल्या.

आता चौकशी करायची कोणी? संशोधक खासगीत काम करणारे, त्यांना जाब विचारील अशी वरिष्ठ संस्थाच सापडेना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसह निरनिराळ्या ठिकाणी पत्रे गेली. वर्षे गेली. आणि या सगळ्या वर्षांत ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या वाचकाला काय माहीत होते? काहीच नाही. निबंध ग्रंथालयात होता, संदर्भयाद्यांत होता. त्याच्यावरची शंका संपादकांच्या पत्रव्यवहाराच्या फायलीत होती. वाचकाला ती प्रथम कळली जुलै २००५ मध्ये, निबंध छापल्यानंतर १३ वर्षांनी. नियतकालिकाने तेव्हा सगळी हकीकत मोकळेपणाने छापली आणि शंकानोंद जोडली.

या गोष्टीतला खरा घाव मात्र मधल्या काळातला आहे. २००२ मध्ये लॅन्सेटने त्याच संशोधकाचा आहाराचाच आणखी मोठा, १००० रुग्णांचा अभ्यास छापला. ब्रिटिश मेडिकल जर्नलचे कार्यालय आणि लॅन्सेटचे कार्यालय एकाच लंडन शहरात. एका संपादकाच्या फायलीत अनेक वर्षांपासून शंका पडून आहे आणि दुसरा संपादक त्याच हाताचे काम जगापुढे ठेवतो आहे. १९९२ च्या निबंधावर वेळीच नोंद लागली असती तर ती लॅन्सेटच्या संपादकांच्या, परीक्षकांच्या नजरेस पडली असती. २००५ मध्ये लॅन्सेटलाही आपल्या निबंधावर शंका जाहीर करावी लागली. आता मला सांगा, ज्या मौनाला 'तटस्थता' म्हणतात ते इथे तटस्थ राहिले का? त्या मौनाने एका निबंधाचे दोन केले.

स्मिथ बेफिकीर संपादक नव्हते. 'कोप' स्थापन करणाऱ्यांत ते स्वतः होते. शोधनिबंधांतल्या लबाडीवर त्यांच्याइतके सातत्याने लिहिणारे संपादक फार थोडे. म्हणून तर हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. आधी चौकशी, मग वाचक, हा क्रम इतका रूढ झाला आहे की चांगला, जागा असलेला संपादकही त्यात अडकतो. वाईट संपादकाचा दाखला देऊन काही सिद्ध होत नाही.

"चौकशी संस्थेने करावी" या वाक्यामागे एक गृहीतक असते, की संस्थेला सत्य हवे आहे. संस्थेला आधी आपले नाव हवे असते. त्यात राक्षसी असे काही नाही. कोणत्याही महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध समिती नेमणे जड जाते. अनुदान अडकते, विद्यार्थी अडकतात, वर्तमानपत्रे दारात येतात. लॅन्सेटने फेब्रुवारी १९९८ मध्ये छापलेला, गोवर-गालगुंड-रुबेला लसीविषयी भीती निर्माण करणारा १२ मुलांवरचा निबंध सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो पुन्हा सांगत नाही. फक्त २००४ चे वर्ष पाहावे. पत्रकार ब्रायन डीअर यांनी तेव्हा दाखवून दिले की मुख्य लेखकाला लसकंपन्यांविरुद्धच्या खटल्याच्या तयारीसाठी पैसे मिळाले होते. नीतिसमितीच्या परवानगीविषयीचे आरोपही त्यांनी पुढे आणले. खुलासा मागितला गेला लेखकांकडे आणि जिथे संशोधन झाले त्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेकडे. परवानगीविषयी काही गैर नाही असे उत्तर काही दिवसांतच मिळाले आणि ते मान्य झाले. १३ पैकी १० लेखकांनी निबंधाचा अन्वयार्थ तेवढा मागे घेतला, निबंध मात्र जागेवर राहिला. जानेवारी २०१० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने दीर्घ सुनावणीनंतर वेगळेच निष्कर्ष काढले, तेव्हा कुठे २ फेब्रुवारी २०१० रोजी लॅन्सेटने निबंध पूर्ण मागे घेतला. मधल्या सहा वर्षांत, २००८ मध्ये, इंग्लंड आणि वेल्समध्ये गोवर पुन्हा स्थानिक झाल्याचे तिथल्या आरोग्ययंत्रणेला जाहीर करावे लागले होते.

आणखी एक बचाव दिसायला उदार असतो. आम्ही शंका दाबत नाही, म्हणतात, आम्ही टीकाकाराचे पत्र छापतो, त्याखाली लेखकाचे उत्तर छापतो, वाचकाने काय ते ठरवावे. वाद होऊ द्यावा, ही विज्ञानाची रीतच आहे. योशिताका फुजी यांच्या प्रकरणात हे अक्षरशः झाले आणि त्यातून काय निघाले ते पाहण्यासारखे आहे.

फुजी हे जपानी भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या थांबवणाऱ्या औषधांवर, विशेषतः ग्रॅनिसेट्रॉनवर, त्यांचे निबंधांमागून निबंध येत. २००० साली वुर्झबर्गच्या तीन जर्मन भूलतज्ज्ञांनी अॅनस्थेशिया अँड अॅनाल्जेसिया या नियतकालिकाला पत्र लिहिले. फुजींचे आकडे अविश्वसनीय वाटावेत इतके छान आहेत, असे त्याच्या शीर्षकातच होते. त्यांनी हात ठेवला होता डोकेदुखीवर. एका गटाला एक औषध, दुसऱ्याला दुसरे, तिसऱ्याला नुसते सलाइन. या गटांमध्ये डोके दुखलेल्या रुग्णांची संख्या निबंधामागून निबंधात तंतोतंत सारखी. एखाद्या अभ्यासात असा योग जुळू शकतो. इतक्या अभ्यासांत जुळणे केवळ योगायोगाने घडत नाही. ते एका टेबलाशी बसून भरलेल्या रकान्यांत घडते. पत्र छापले गेले. त्याखाली फुजींचे उत्तर छापले गेले, त्यात पुरावा आणखी किती हवा असा उलट सवाल होता. झाले. वाद 'झाला'. त्यानंतरही त्याच नियतकालिकाने फुजींचे निबंध छापले, इतरांनीही छापले. पुढे त्या नियतकालिकाची धुरा सांभाळणाऱ्या संपादकांनी हे अपुरे होते असे मान्य केले, हा त्यांचा मोठेपणा. पण तोवर २०१२ उजाडले होते. इंग्लंडमधल्या जॉन कार्लाइल या भूलतज्ज्ञाने फुजींच्या १६८ चाचण्यांचे आकडे गणिताने तपासले. त्याच वर्षी जपानी भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीने २१२ निबंध पाहून त्यांतले १७२ बनावट ठरवले. निर्दोष म्हणता येतील असे निघाले अवघे ३. शंका छापल्यापासून हे कळेपर्यंत एक तप गेले.

डोकेदुखीचे आकडे २००० सालीही तेच होते. कार्लाइल यांनी रुग्णांचे केसपेपर जप्त केले नव्हते, कोणाच्या घरावर धाड घातली नव्हती. छापलेल्या तक्त्यांवरूनच त्यांनी हिशेब केला, आणि ते तक्ते संपादकांच्या टेबलावर प्रत्येकाच्या आधी आले होते. पोलीस नसल्याची सबब इथे लागूच होत नाही. पत्र आणि उत्तर शेजारी शेजारी छापले की दोन्ही बाजू समान वजनाच्या आहेत असा समज होतो. तक्ता चूक आहे की बरोबर, हा मतभेदाचा प्रश्न नव्हता, आणि संपादकाने तो मतभेद म्हणून मांडला. वाचकाने ठरवावे म्हणे! जिल्हा रुग्णालयात दिवसाला आठ-दहा केसेसना भूल देणारा डॉक्टर फुजींच्या २१ निबंधांतले डोकेदुखीचे रकाने एकमेकांशी कधी ताडून पाहणार? तो तर परीक्षण झालेले नियतकालिक आहे म्हणूनच विश्वास ठेवतो. त्या विश्वासावरच नियतकालिकाची वर्गणी चालते.

ज्या काळात शंका खणात पडून असते त्या काळात निबंध स्वस्थ बसलेला नसतो. तो अनेक अभ्यासांच्या गोळाबेरजेत, म्हणजे मेटा-अॅनालिसिसमध्ये जातो, तिथून मार्गदर्शक सूचनांत, तिथून वॉर्डात. योआखिम बोल्ट या जर्मन भूलतज्ज्ञाच्या अभ्यासांनी आयसीयूमध्ये दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीएथिल स्टार्च या द्रावणाची बाजू कशी उचलून धरली होती, ते २०१३ मध्ये उघड झाले. त्यांचे सात अभ्यास बाजूला काढून उरलेल्यांची गोळाबेरीज केली तेव्हा गंभीर रुग्णांत या द्रावणाने मृत्यूची आणि मूत्रपिंड निकामी होण्याची जोखीम वाढते असे दिसले. आपल्याकडच्या आयसीयूंतही या बाटल्या सर्रास लटकत असत. पण बोल्ट प्रकरणात संपादक वेगळे वागले, हेही नोंदवले पाहिजे. वाचकांची पत्रे आल्यावर २०१० मध्ये एक निबंध मागे घेतला गेला आणि २०११ मध्ये डझनाहून अधिक नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन संयुक्त निवेदन काढले. निबंधांची यादीच जाहीर केली. म्हणजे इच्छा असली की हे जमते.

अब्रूचा मुद्दा मी हलका मानत नाही. खोट्या आरोपाने माणूस उद्ध्वस्त होऊ शकतो. विभागातल्या हेव्यादाव्यांतून निनावी पत्रे येतात, आणि ती बहुधा तरुण, पाठीशी कोणी नसलेल्या संशोधकावर येतात. म्हणून शंकानोंद कशी लिहायची याचे पथ्य कडक हवे. ती निबंधाविषयी असावी, माणसाविषयी नाही. "तक्ता ३ मधील आकडे आपसांत जुळत नाहीत, लेखकांकडे मूळ नोंदी मागितल्या आहेत, त्या अद्याप मिळालेल्या नाहीत." यात कोणालाही लबाड म्हटलेले नाही. नोंदी मिळाल्या, आकडे जुळले, तर तितक्याच ठळकपणे नोंद काढून घ्यावी आणि का काढली तेही छापावे. प्रामाणिक संशोधकाच्या अब्रूला सर्वांत मोठा धोका दबक्या आवाजातल्या कुजबुजीचा असतो, कारण तिला उत्तरच देता येत नाही. छापील शंकेला उत्तर देता येते.

आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोण आहे? तिथे बसलेल्या माणसाला पारडे आहे हेच माहीत नसते. त्याला वकील नाही, त्याचे पत्र संपादकाकडे येत नाही. एका बाजूला नाव असलेला एक लेखक आणि दुसऱ्या बाजूला नाव नसलेले हजारो रुग्ण, अशी तुलना करताना दिसणाऱ्या माणसाचे दुःख मोठे वाटते. संपादकाच्या नीतीची कसोटी इथेच लागते. न दिसणाऱ्या माणसाची बाजू घेणे हेच त्याचे काम आहे.

कायद्याची भीती खरी आहे, पण ती सांगितली जाते तितकी आंधळी नाही. भारतीय दंडविधानाच्या कलम ४९९ ला जे अपवाद होते त्यांतला दहावा नेमका याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखा आहे. ज्याला इशारा द्यायचा त्याच्या हितासाठी किंवा लोकहितासाठी, सद्भावनेने दिलेला इशारा ही बदनामी होत नाही. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तो कायम आहे. ब्रिटनने २०१३ च्या कायद्यात परीक्षण झालेल्या शास्त्रीय नियतकालिकांतल्या मजकुराला वेगळे संरक्षण दिले. अपवाद असला म्हणून नोटीस यायची थांबत नाही, तारखा पडायच्या थांबत नाहीत, हे मी जाणतो. त्याचा अर्थ एवढाच की खर्च आणि वकील यांची तरतूद नियतकालिकाच्या मालकाने, म्हणजे प्रकाशकाने किंवा संघटनेने केली पाहिजे. संपादकाला एकटे पाडून त्याच्याकडून धैर्य मागणे अन्यायाचे आहे. ही तरतूद नसेल तर संपादकपद स्वीकारण्याआधी ती मागणे, हेदेखील त्याच्या कर्तव्यातच येते.

मौनाच्या बाजूने एक कारण असे असते जे कोणी मोठ्याने बोलत नाही, ते म्हणजे पैसा. नोव्हेंबर २००० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने रोफेकॉक्सिब या सांधेदुखीच्या औषधावरची मोठी चाचणी छापली. व्हायॉक्स या नावाने ते जगभर विकले गेले. निबंधात हे औषध घेणाऱ्या गटात हृदयविकाराचे १७ झटके दाखवले होते, तुलनेच्या औषधाच्या गटात ४. प्रत्यक्षात झटके २० होते. उरलेले तीन झटके फेब्रुवारी २००१ मध्येच अमेरिकी औषध प्रशासनाच्या कागदपत्रांत सगळ्यांना वाचता येतील असे पडलेले होते. त्याच वर्षी एका अमेरिकी फार्मासिस्ट बाईंनी नियतकालिकाचे तिकडे लक्ष वेधले, त्यांचे पत्र छापले गेले नाही. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने औषध बाजारातून काढले, डिसेंबर २००४ मध्ये भारतात त्यावर बंदी आली, आणि शंकानोंद छापली गेली डिसेंबर २००५ मध्ये. औषध दुकानातून गेल्यावर वर्षाहून अधिक काळाने! मधल्या काळात त्या निबंधाच्या ९ लाख २९ हजार ४०० पुनर्मुद्रित प्रती विकल्या गेल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक औषधकंपनीनेच विकत घेतलेल्या. वॉल स्ट्रीट जर्नलने २००६ मध्ये हा हिशेब मांडला. नियतकालिकाची त्यातली कमाई लाखो डॉलरची होती. पैशासाठी कोणी गप्प बसले असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण ज्या निबंधाच्या प्रती विकून पैसे येत आहेत त्या निबंधाविषयी आपण निःपक्ष पंच आहोत असे म्हणण्याचा हक्क त्या नियतकालिकाला उरत नाही. लेखकांकडून हितसंबंधांची प्रतिज्ञापत्रे घेणाऱ्यांनी आपलेही हितसंबंध त्याच पानावर छापले पाहिजेत.

"घाई करून चालत नाही" असे म्हणणाऱ्यांना मी २०२० च्या उन्हाळ्याची आठवण देईन. लॅन्सेटने २२ मे रोजी कोविड रुग्णांना दिलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा निबंध छापला. ६७१ रुग्णालये, ९६,०३२ रुग्ण. आपल्याकडे मार्चपासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सल्ल्याने आरोग्य कर्मचारी हेच औषध प्रतिबंधासाठी घेत होते. या निबंधाने औषधामुळे मृत्यू वाढतात असे म्हटले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. २८ मे रोजी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहिले. ऑस्ट्रेलियातले २१ एप्रिलपर्यंतचे कोविड-मृत्यू निबंधात ७३ होते, आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशात ६७ च झाले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात शंकानोंद लागली आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. १३ दिवस. कोणत्याही विद्यापीठाची चौकशी पुरी झालेली नव्हती, पोलीस आलेले नव्हते. ज्यांना एरवी १२ वर्षे लागतात त्यांना १३ दिवस पुरले, कारण सगळे जग पाहत होते. जग पाहत नसताना रुग्णाचा जीव कमी मोलाचा असतो का?

आपल्याकडच्या नियतकालिकांची अवस्था लॅन्सेटसारखी नाही, हे कबूल. बहुतेक संपादक मानधनाशिवाय काम करतात. दिवसभर ओपीडी, रात्री हस्तलिखिते. नियतकालिक संघटनेचे असते, संपादक निवडून येतो, आणि ज्याच्या निबंधावर शंका घ्यायची तो कधी परीक्षक म्हणून आपल्याच विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला येणार असतो. बढतीसाठी निबंध हवेत, म्हणून निबंधांचा पूर येतो. या सगळ्यात शंका घेणारा संपादक एकटा पडतो. पण याच कारणांनी आपल्याकडे नियम ठाम हवा, संपादकाच्या स्वभावावर सोडलेला नको. नियम असला की संपादक म्हणू शकतो, यात माझे वैयक्तिक काही नाही, मुदत भरली, नोंद लागली.

'कोप'चा तक्ता सांगतो की संस्थेने उत्तर दिले नाही तर दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. तिथे वाचकालाही त्याच वेळी सांगा, हे ठळकपणे लिहायला हवे. माझी मागणी नव्वद दिवसांची आहे. मूळ नोंदी मागितल्यापासून नव्वद दिवसांत त्या आल्या नाहीत, किंवा आल्या आणि शंका फिटली नाही, तर चौकशी कुठेही असो, शंकानोंद निबंधाच्या पहिल्या पानावर लागली पाहिजे. पीडीएफच्या पहिल्या पानावर. वेगळ्या अंकातल्या वेगळ्या पृष्ठावर लावलेली नोंद कोणी पाहत नाही. गुरुवारच्या जर्नल क्लबसाठी रेसिडेंट डॉक्टर आदल्या रात्री व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सिनियरने टाकलेली फाइल उघडतो, तीच वाचतो आणि तिच्यावरूनच स्लाइड बनवतो. त्या फाइलवर काही छापलेले नसेल तर त्याच्यापुरती शंका अस्तित्वातच नाही. निबंध ज्यांनी आपल्या मेटा-अॅनालिसिसमध्ये घेतला आहे त्या लेखकांनाही संपादकाच्या कार्यालयाने स्वतः होऊन कळवावे. संदर्भांची यादी आता एका क्लिकवर मिळते.

प्रत्येक शंकानोंदीवर दोन तारखा हव्यात. शंका कार्यालयात पहिल्यांदा कोणत्या दिवशी आली ती, आणि ती वाचकाला कोणत्या दिवशी सांगितली ती. ज्या संपादकाला नव्वद दिवस अपुरे वाटतील त्याने जास्त घ्यावेत, फक्त का घेतले ते त्या दोन तारखांच्या खाली, आपल्या सहीने, लिहावे.